पेनल्टीची जागा

१२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझं नव्या वर्षाचं कार्ड वेळेवर मिळालं होतं. उत्तर द्यायला फेब्रुवारी उजाडला, त्याबद्दल कान धरतो. डावा गुडघा सोडला तर तुझी वहिनी ठणठणीत आहे. तुझी पुतणी हॉस्पिटलात शिकाऊ नर्स म्हणून लागली. घरातही ती आम्हाला पेशंटच समजते; उठा, बसा, गोळी घ्या, जीभ दाखवा. लग्नाचं विचारलं की मात्र तिला ऐकू येत नाही.

तू मागे फोनवर म्हणाला होतास, मैदान सोडून जगातलं काहीही सांग. मी आजवर ते पाळलं. पण माझं काम गवताचं. सकाळी सहाला गवत, संध्याकाळी सहाला गवत. मैदान वगळलं तर माझ्याकडे सांगायला तुझ्या वहिनीचा गुडघाच उरतो. म्हणून आज एकदा तुझा नियम मोडतो. आवडलं नाही तर पत्र इथेच ठेवून दे.

आपला क्लब विकला जाणार अशी हवा आहे. पुतणीने मोबाइलवर वाचून दाखवलं. कुठल्याशा परदेशी उद्योगसमूहाला एक जुना क्लब हवाय आणि म्हणे त्यांची नजर आपल्यावर पडली. नाव कुणालाच माहीत नाही. त्यामुळे गावाने त्याचं नाव 'शेठ' ठेवलंय. शेठकडे दोन विमानं आहेत. शेठकडे बेट आहे. शेठ लहानपणी अनवाणी फुटबॉल खेळायचा. ही सगळी माहिती न्हाव्याच्या दुकानातून निघते आणि संध्याकाळपर्यंत गावभर होते. बाजारात तुरी म्हणतात ना, तशातली गत. पोरं आत्तापासून भांडतायत, पुढच्या वर्षी कुठला परदेशी खेळाडू सात नंबर घालणार म्हणून.

मागच्या मंगळवारी तर कहरच झाला. लांब कोट घातलेला एक गोरा गृहस्थ फाटकाशी आला आणि वर स्टँडच्या छपराकडे बघत उभा राहिला. झालं! सेक्रेटरी धावत आला. त्याला आत नेऊन अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. कॅन्टीनवाल्या काकूंनी चांगल्या कपात कॉफी दिली. कपाटातले तिन्ही चषक काढून पुसून दाखवले, त्यातले दोन उपविजेत्याचे आहेत हे न सांगता. तो बिचारा सगळ्याला मान हलवत होता. अर्ध्या तासाने त्याने पिशवीतून पत्र्याचा एक तुकडा काढला. छपराच्या पन्हळी विकायला आला होता. सेक्रेटरी दोन दिवस कामावर आला नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नाही. न्हाव्याच्या दुकानात परवा एक म्हातारा रडला. वडिलांच्या खांद्यावर बसून ज्या स्टँडमधून त्याने मॅच पाहिली, तो स्टँड आता पाडणार का, असं तो सगळ्यांना विचारत होता. लोकांना शेठ हवाही आहे आणि त्याची भीतीही वाटते. तीस वर्षं खालच्या गटात खितपत पडलोय आपण, त्यामुळे कुणीतरी हात धरून वर काढावं असं वाटतं. पण हात धरणारा नेईल कुठे, हे कळत नाही.

आणि असं काही सुरू झालं की जुन्या गोष्टी निघतात. त्याबद्दल पुन्हा कधी.

थंडी असेल तिकडे. बस डेपोत काम करताना कानाला गुंडाळत जा, तुला लहानपणापासून कानाचा त्रास.

तुझा मोठा भाऊ


२७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. सर्व क्षेम.

तुझं उत्तर नाही, म्हणजे मैदानाचा विषय काढलेला आवडला नाही. तरी लिहितोय. आपल्या घरात हट्ट फक्त तुझ्याच वाट्याला आलाय असं समजू नकोस.

हवा खरी निघाली. सेक्रेटरीने नोटीस लावली: परदेशी मंडळींशी बोलणी चालू आहेत, क्लब सभासदांचा असल्यामुळे सभासदांचं मत घेतलं जाईल, बावीस मार्चला. त्याआधी चर्चेसाठी म्हणून परवा कॅन्टीनमागच्या टेबल टेनिसच्या खोलीत सभा झाली. दीडशे माणसं आणि साठ खुर्च्या. मी दाराशी रोलरच्या दांड्याला टेकून उभा होतो.

बोलायला मास्तर उठले. त्यांनी आपल्या दोघांना गणित शिकवलं आणि दोघांनाही नापास केलं, ते. आता ऐंशीला आले, पण फळा दिसला की अजून खडू शोधतात. म्हणाले, आपल्याला विकायची वेळ का आली ते मी सिद्ध करून दाखवतो. वरून खाली लिहीत गेले. पैसा नाही, कारण प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक नाहीत, कारण आपण खालच्या गटात. खालच्या गटात, कारण वर जायची एकच संधी आली आणि ती गेली. मग तीन ठिपके काढले, पूर्वी 'म्हणून'साठी काढायचे तसे, आणि त्यापुढे त्या मॅचची तारीख लिहिली.

बावीस वर्षं झाली रे. तारीख वाचल्यावर एकही माणूस 'कुठली मॅच' म्हणाला नाही.

मास्तरांनी तुझं नाव घेतलं नाही, एवढं मात्र सांगतो. नाव घेतलं न्हाव्याने. तोच, ज्याने मॅचनंतर दोन दिवसांनी तुला अर्ध्या दाढीवर खुर्चीतून उठवलं होतं. म्हणाला, "त्या बारक्यानं ती एक पेनल्टी आत घातली असती तर आज आपण शेठला विकत घेतलं असतं!" लोक हसले. मग तो म्हणाला, "आणि वर काय सांगतो, तर पाय घसरला. नाचता येईना..."

आणि सगळी खोली एका सुरात म्हणाली, "अंगण वाकडं!"

तेव्हा स्टँडमधून ओरडायचे, अगदी तसंच. त्यात अशी पोरं होती, ज्यांचा जन्म त्या मॅचनंतरचा आहे. आईबापांकडून शिकलेत.

मग सगळ्यांच्या लक्षात आलं की मी दाराशी उभा आहे. काकू म्हणाल्या, "अरे, त्याचा भाऊ आहे इथे, काही लाज?" न्हावी म्हणाला, "याला कुठे काय म्हणतोय? हा बिचारा बावीस वर्षं गवत राखतोय." दोघातिघांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डोकं दुखत होतं म्हणून घरी आलो.

तू तेव्हाही सांगत होतास की पाय घसरला. मला आठवतं. तू मलाही विचारलं होतंस.

वरच्या तीन ओळी खोडल्या आहेत, त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस. काही विशेष नव्हतं. दक्षिणेच्या कोपऱ्यात पाणी साचतं, त्याची चर खणायची आहे उद्या. आपले नाना असते तर त्यांनी ती तासाभरात खणली असती. मला दिवस लागेल.

तब्येतीला जप.

तुझा मोठा भाऊ


१४ मार्च

बारक्या,

आशीर्वाद द्यायचा हक्क मला आहे की नाही ते हे पत्र संपल्यावर तू ठरव. म्हणून आज वर लिहिला नाही.

सोमवारी परदेशी मंडळींची माणसं आली. या वेळी खरी. जमीन तपासणारी एक इंजिनियर बाई होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. त्यांना क्लब मिळाला तर आपली हिरवळ उपटून अर्धी खरी, अर्धी प्लास्टिकची हिरवळ टाकायची आहे. त्याआधी खाली कशी माती आहे ते बघायचं होतं. तिच्याकडे पोलादी नळी होती, वर आडवा दांडा. दांड्यावर भार दिला की नळी वीतभर आत जाते आणि मातीचा लांबट गोळा घेऊन वर येते. वीस ठिकाणी टोचायचं होतं. मी सोबत फिरत होतो.

सगळीकडे नळी सुरळीत गेली. मग ती उत्तरेच्या गोलासमोर आली. पेनल्टीच्या जागेवर तिने नळी टेकवली आणि दाबली. गेली नाही. दोन्ही पाय उचलून दांड्यावर लटकली, तरी नाही. हातोडा मारून पाहिलं, तर नळीची कड वाकली. मला म्हणाली, "इथे खाली दगड घातलाय का कुणी?"

मी म्हणालो, "दगड नाही. माझ्या वडिलांनी, नानांनी ठोकलंय."

"किती?" तिने विचारलं.

"सोळा वर्षं."

तिला वाटलं मी गंमत करतोय. ती हसली, आणि मला तिथेच गवतात बसावं लागलं. तिने मला पाणी दिलं. भली बाई आहे.

आता सांगतो. सरळ सांगतो, कारण वाकड्यात शिरलो तर पुन्हा चर खणायला जाईन.

मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू त्याच जागेवरून साठ पेनल्ट्या मारल्या होत्यास. साठच्या साठ आत. त्याने तिथे वाटीएवढा खड्डा पडला होता. रविवारी सकाळी नानांना फाटकाकडे बोलावलं, बिजागरी निखळली होती आणि दुपारी हजारो माणसं येणार होती. जाताना ते मला म्हणाले, "ती जागा तू कर." त्यांची पद्धत तुलाही पाठ असेल. हातभर जागा कापायची, वीतभर उकरायची, माती तीन थरांत भरायची. प्रत्येक थर शिंपडून त्यावर लांब दांड्याच्या जड धुम्मसाचे पन्नास ठोके. दीडशे ठोके झाल्यावर वर हिरवळीचा तुकडा.

मी एकही ठोका मारला नाही.

सगळी माती एकदम लोटली, बुटाने दाबली, वर तुकडा बसवला आणि पांढरी फक्की मारली. दिसायला झकास झालं. मला घाई होती. कॅन्टीनमध्ये तेव्हा तुझी वहिनी काम करायची आणि त्या दिवशी ती लवकर येणार होती. गर्दी व्हायच्या आत मला तिच्याशी बोलायचं होतं. बोललो. ती हो म्हणाली. आमचा संसार त्या सकाळी ठरला आणि तुझा खेळ त्याच सकाळी संपला. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिला बोल लावू नकोस.

शेवटची चार मिनिटं राहिली असताना पेनल्टी मिळाली. मी त्याच गोलच्या मागे होतो, नेटपासून दहा पावलांवर. तू धावत आलास. डावा पाय बॉलच्या शेजारी टेकलास आणि पायाखालचा तुकडा सरकला. फरशीवरची सतरंजी सरकते तसा. बॉल गोलच्या वरून गेला, स्टँडच्याही वरून गेला. तू पाठीवर पडलास. उठलास तेव्हा तू आधी गोलकडे बघितलं नाहीस. जमिनीकडे बघितलंस.

मग मैदानात झुंबड उडाली. त्या गोंधळात मी आत शिरलो आणि तो तुकडा पायाने सरकवून जागेवर बसवला. लोकांना वाटलं मी तुला धरायला आलोय. मी तुला धरलंही. एका पायाने तुकडा दाबत होतो आणि हातांनी तुला धरलं होतं. हे मी आजवर स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तू मला म्हणालास, "दादा, तू तर रोज ती जमीन बघतोस. तू सांग ना त्यांना, पाय घसरू शकतो की नाही?" आणि मी म्हणालो, "मला काय माहीत." तू ताट सरकवून उठलास. त्यानंतर तू मला दादा म्हणाला नाहीस. फोनवर सुद्धा मला कशानेच हाक मारत नाहीस, सरळ विषयाला हात घालतोस. मी त्याबद्दल कधी काही बोललो नाही, कारण मला बोलायला जागाच नव्हती.

नानांना कळलं होतं. हीच गोष्ट तुला सगळ्यात आधी सांगायला हवी होती आणि मी सगळ्यात शेवटी सांगतोय. मॅच संपल्यावर, सगळे गेल्यावर, ते त्या जागेवर उकिडवे बसले आणि अंगठा दाबला. अंगठा मुळापर्यंत आत गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ठोकलं होतंस?" मी नाही म्हणालो.

गुरुवारी तू निघालास. नाना तुला बसवर सोडायला आले नाहीत. तू मनात काय धरून गेलास ते मला माहीत आहे. पण ते त्या वेळी मैदानावर होते, बारक्या. मी त्यांना बोलवायला धावत गेलो होतो, दहाची बस सुटेल म्हणून. त्यांनी ती जागा उकरून पुन्हा भरली होती आणि धुम्मस मारत होते. दीडशे कधीच होऊन गेले असतील. हाताची सालटी निघाली होती, दांडा लाल झाला होता. मी म्हणालो, "नाना, मी जाऊन सगळ्यांना सांगतो." ते म्हणाले, "एकाला गावानं खाल्लं. दुसरा मी देणार नाही. तू तोंड उघडायचं नाहीस." मग म्हणाले, "आणि मी त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?" आणि पुन्हा ठोकायला लागले.

ते तुझ्यावर रागावले नव्हते. एक दिवससुद्धा नाही. त्यांना तुझी लाज वाटत नव्हती, तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती. मला वाचवायला त्यांनी तुला टाकलं आणि मग ते त्यांना कधीच सोसलं नाही. त्यानंतर दर शनिवारी त्या जागेवर धुम्मस त्यांनीच मारलं. मला हात लावू दिला नाही. कामावरून निवृत्त झाल्यावरही यायचे. शेवटच्या वर्षी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात धुम्मस, दहा ठोक्यांना तीनदा बसायचे. गावाला वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

ते गेले तेव्हा मी तुला फोन केला. तू म्हणालास, "मी येत नाही. मेल्यावर तरी त्यांना माझं तोंड बघायला नको." तेव्हा माझ्या हातात फोन होता, तू पलीकडे होतास आणि मला गप्प बसवणारे नाना आता नव्हते. मी काय म्हणालो ते तुला आठवतं? "बरं. तब्येतीची काळजी घे."

सोळा वर्षं मी नानांच्या शब्दामागे लपलो, त्यातलं अर्धं पाप त्यांच्या नावावर टाकता येईल. ते गेल्यानंतरची सहा वर्षं माझ्या एकट्याची आहेत.

तुझ्या वहिनीला मंगळवारी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, फक्त भांडी जोरात आपटत होती. तिसऱ्या दिवशी कागद आणि पेन समोर आणून ठेवलं. म्हणाली, "फोन करू नका. फोनवर तुम्ही हवापाणी विचाराल आणि ठेवून द्याल. लिहा. आणि भावजींना लिहून झालं की मग त्या न्हाव्याच्या तोंडावर सांगा."

उत्तर मागत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर त्या मात्र पाठव.

तुझा मोठा भाऊ


२९ मार्च

बारक्या,

बावीसच्या सभेत सांगितलं. आधी तुला, मग त्यांना, असं ठरवलं होतं. तुझ्यापर्यंत पत्र पोचलं असेल एवढे दिवस जाऊ दिले.

मतदानाआधी हात वर केला. सेक्रेटरी म्हणाला, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही. काकू म्हणाल्या, "बोलू दे त्याला, तोंड बघ त्याचं." मग मी बोललो. पत्रातलंच, फक्त थोडक्यात. खुर्चीची पाठ धरून बोललो. तुकडा पायाने सरकवला, तेही सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मागून एक जण फक्त म्हणाला, "आणि आम्ही खांद्यावर हात ठेवत होतो याच्या." तो बरोबरच होता. मास्तर फळ्यापाशी गेले. फळा कोराच होता, तरी तो त्यांनी पुसला. म्हणाले, "माझी शेवटचीच पायरी चुकली होती. तुम्हा सगळ्यांसमोर चुकली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो." न्हावी उठून बाहेर गेला.

मग मतदान झालं. क्लब विकला गेला. नको म्हणणारे आम्ही एकतीस जण होतो. शेठचं नाव कळलं, पण ते कुणाच्या तोंडात बसत नाही, त्यामुळे तो शेठच राहणार. मोसम संपला की मे महिन्यात हिरवळ उपटणार. मला ठेवणार की काढणार, माहीत नाही. लोक रस्त्यात भेटले की कुणी बोलतं, कुणी वळून जातं. तू हे इथे फक्त चार दिवस सोसलंस आणि मग तुला गाव सोडावं लागलं. मी इथेच राहून सोसणार आहे, तेवढं माझ्याकडे लागतं.

सभेनंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला न्हावी मैदानावर आला. मी फक्की मारत होतो. रेघेच्या पलीकडे उभा राहिला. मग म्हणाला, "साबण तोंडावर तसाच होता. तसाच बाजारातून चालत गेला तो. मी दारात उभा राहून हसलो होतो." तोच पुढे म्हणाला, "उरलेली अर्धी दाढी माझ्याकडे बाकी आहे म्हणावं. आलास तर खुर्ची तुझी. नाही आलास तर मीच येईन तिकडे, वस्तरा घेऊन." मी म्हणालो, तुला वस्तरा घेऊन आलेला बघून तो पळत सुटेल. तो हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही. रडला. पन्नाशीपलीकडचे दोन पुरुष पेनल्टीच्या रेघेवर रडत होतो, बघायला कुणी नव्हतं हे नशीब.

त्या इंजिनियर बाईला मी एक विनंती केली. तिने ऐकली. हिरवळ उपटायच्या आधीच तिने ती जागा यंत्राने चौकोनी कापून काढून दिली, वीतभर जाडीची. उचलायला चौघं लागले, आणि मागचा खड्डा मी नानांच्या पद्धतीने भरला. आता ती आपल्या मागच्या अंगणात आहे, गोणपाटाखाली. पाऊस लागू देत नाही. नानांनी ती तुझ्यासाठी ठोकली होती, तुझ्यापर्यंत यायचं धाडस झालं नाही म्हणून. तेव्हा ती तुझी आहे. नेता येणार नाही, पण बघता येईल.

आता शेवटचं. परवा दुपारी मी मैदानावर असताना घरी फोन वाजला. तुझ्या वहिनीने उचलला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं, मागे बसच्या इंजिनाची घरघर तेवढी येत होती. ती म्हणाली, "भावजी, जेवलात का?" तरी कुणी बोललं नाही. तिने फोन ठेवला नाही. ती म्हणते, पाच मिनिटं तरी गेली असतील. मग तू विचारलंस, "दादा कुठेय?"

ती म्हणाली, "मैदानावर." तू "हं" म्हणालास आणि फोन ठेवलास.

तिने मला ते तीन वेळा सांगितलं, मी तीन वेळा विचारलं म्हणून. नक्की दादाच म्हणाला का? भाऊ म्हणाला असेल. हे म्हणाला असेल. ती म्हणाली, "माझा गुडघा गेलाय, कान नाही गेले."

तू ये किंवा येऊ नकोस, मी विचारणार नाही. पण आजवर जे गावाने तुला सुरात ऐकवलं, ते आता मला उलटं लिहायचं आहे, माझ्या हाताने, तुझ्याजवळ कागदावर राहावं म्हणून.

अंगण वाकडं होतं, बारक्या. तुला नाचता येत होतं.

अनेक आशीर्वाद.

तुझा
दादा